लेकराची बुद्धी मोजण्याआधी मोजपट्टी तपासा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी विहारात मी नेहमीप्रमाणे लोकांचे अर्ज भरून देत बसलो होतो. कुणाचे रेशनकार्ड, कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाची शिष्यवृत्ती. आठवडाभर ऑफिसात कारकुनी आणि रविवारी समाजाची कारकुनी, असा माझा अनेक वर्षांचा रिवाज आहे. घनसावंगी तालुक्यातल्या एका खेड्यातून एक आजी दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि चार घड्यांचा एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"बाबू, हे वाच अन् काय पगार लागत असंल तर तेवढा फारम भरून दे. मह्या नातवाला येडं ठरवलंय म्हणतेत."

कागदावर बुद्ध्यांकाचा आकडा होता. त्याच्या खाली लिहिले होते, सौम्य मतिमंदत्व. मी मुलाकडे पाहिले. तो खाली मान घालून चटईच्या काड्या मोजत बसला होता. आई-बाप कुठे आहेत, असे विचारल्यावर म्हणाला, "घरीच हायेत. दिवाळीनंतर कारखान्यावर जातेत." ऊसतोडीची टोळी, मुकादम, उचल हे सारे त्याला पाठ. मी बी. कॉम. झालेला माणूस, मला हिशेबाची खोड. सहज विचारले, "आई-बापानं दिवसाला दोन टन ऊस तोडला, टनाला साडेतीनशे धरले, तर दहा दिवसांचे किती?" पोरगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सात हजार. पर आईला ताप आला तर खाडा पडतो. मुकादम तेवढं कापून घेतो."

वाचकहो, मी तो फॉर्म बाजूला ठेवला. ज्या मुलाला हातचा हिशेब येतो आणि त्या हिशेबातला अन्यायही कळतो, त्याला मतिमंद म्हणणारा कागद खरा, की समोर बसलेले लेकरू खरे? हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले, जाणत्या माणसांकडून जे समजून घेतले, ते आपल्या कुटुंबांपर्यंत पोचावे म्हणून हा लेख.

तपासणीत काय घडले?

आजींना खोदून विचारल्यावर हकिगत कळली. शाळेतून सांगितले म्हणून त्या मुलाला शहरात एका ठिकाणी घेऊन गेल्या. तपासणाऱ्या व्यक्तीने आधी सगळ्यांसमोर नाव, आडनाव, समाज विचारला. मग शुद्ध पुस्तकी मराठीत प्रश्न सुरू झाले. "या दोन वस्तूंत साम्य काय?" मुलाला 'साम्य' हा शब्दच ठाऊक नव्हता. "दोन्हीत सारखं काय हाय?" असे कुणी विचारले असते तर तो बोलला असता. चित्रे दाखवली, त्यांतल्या काही वस्तू त्याने जन्मात पाहिल्या नव्हत्या. तो गप्प राहिला. आपल्याकडे मोठ्या माणसासमोर उलटून बोलू नये असे वळण लावतात. त्या गप्प राहण्याची नोंद 'उत्तर येत नाही' अशी झाली. अर्ध्या तासात सगळे आटोपले.

त्या व्यक्तीच्या मनात पाप होते असे मी म्हणत नाही. कामाचा बोजा असेल, रांग मोठी असेल. पण चूक झाली आणि ती एका लेकराच्या कपाळी चिकटणार होती.

चाचणी आली कुठून?

बुद्धी मोजण्याची पहिली उपयोगी चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी तयार केली. हेतू चांगला होता. शाळेत मागे पडणारी मुले ओळखावी आणि त्यांना जादा मदत द्यावी, एवढाच तो हेतू. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते आणि ती कधी बदलत नाही, हे मत खुद्द बिने यांना मान्य नव्हते.

पुढे ही चाचणी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिचा हेतू पालटला. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर युरोपातून गरीब स्थलांतरित बोटींनी उतरत. १९१३ च्या सुमारास गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाच्या माणसांनी त्यांतल्या काहींची परीक्षा घेतली. दिवस-दिवस बोटीत काढलेली, घाबरलेली, इंग्रजी न येणारी ती माणसे. निष्कर्ष काय काढला? ज्यू, इटालियन, हंगेरियन, रशियन यांपैकी दर पाचांत सुमारे चार जण मंदबुद्धी!

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात सुमारे साडेसतरा लाख जवानांची अशी परीक्षा झाली. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रांची वेगळी चाचणी होती. चित्रात काय राहिले आहे ते काढून दाखवायचे. टेनिसच्या मैदानावरची जाळी नाही, ग्रामोफोनचा कर्णा नाही, घराचे धुराडे नाही. ज्याने टेनिस पाहिलेच नाही तो जाळी कुठून काढणार? सिसिलीहून आलेल्या एका जवानाने धुराड्याच्या जागी क्रूस काढला, कारण त्याच्या मुलखात घरावर क्रूसच असे. त्याचे उत्तर चूक धरले गेले.

या आकड्यांवरून १९२३ साली ब्रिगहॅम या विद्वानाने अमुक वंश हुशार आणि तमुक वंश मठ्ठ असे पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांना अमेरिकेची दारे जवळजवळ बंद करणारा कायदा आला. त्या काळचे वारेच तसे होते. १९३० साली ब्रिगहॅमने आपले निष्कर्ष चुकल्याचे स्वतः लिहून मान्य केले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

'जन्मावरून बुद्धी ठरते' हा दावा आपल्याला नवा नाही. आपल्याकडे तो पोथीच्या आधाराने केला गेला, तिकडे आकड्यांच्या आधाराने. म्हणून आकडा दिसला की लगेच मान तुकवू नये. तो कुणी काढला, कोणत्या भाषेत काढला आणि कुणाच्या मुलांशी तुलना करून काढला, हे विचारावे.

बर्फातले अस्वल

दुसरे उदाहरण रशियाचे. १९३१ आणि १९३२ साली लुरिया हे मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. निरक्षर शेतकऱ्यांना त्यांनी विचारले, "दूर उत्तरेला जिथे बर्फ असते तिथे सगळी अस्वले पांढरी असतात. अमुक गाव तिथे उत्तरेला आहे. तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची?" शाळा शिकलेल्यांनी पांढरी म्हणून सांगितले. निरक्षर शेतकऱ्यांच्या उत्तरांचा मतलब असा होता, की आम्ही तिथे गेलो नाही, जो पाहून आला त्याला विचारा.

हे उत्तर मूर्खाचे आहे का? आपला शेतकरीही हेच म्हणेल. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देऊ नये, ही त्याची रीत. कागदावरच्या कोड्याला कागदावरचेच उत्तर द्यायचे, ही सवय शाळा लावते. ज्याला शाळा मिळाली नाही त्याला सवय नाही, एवढाच त्याचा अर्थ. ऊसतोडीच्या हंगामात दरवर्षी चार-पाच महिने ज्या मुलाची शाळा बुडते, त्याचेही तसेच.

महाराष्ट्रात झालेले काम

आपल्या मुलांसाठी आपल्या भाषेत चाचणी हवी, हे आपल्याकडच्या काही अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागातली मुले तपासून बिनेची चाचणी मराठी आणि कानडीत बसवली. त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. तीच बिने-कामत चाचणी. आजही आपल्याकडे मुलांच्या अहवालावर हे नाव दिसते. १९५५ साली उत्तर प्रदेशात भाटिया यांनी ठोकळे, आकृत्या, चित्रांचे तुकडे जोडणे अशी कामे असलेली चाचणी तयार केली. तिच्यात साक्षर आणि निरक्षर मुलांचे निकष वेगवेगळे ठेवले, ही मोठी समजुतीची गोष्ट. नागपूरचे डॉ. मालिन यांनी १९६९ च्या सुमारास वेश्लर यांच्या चाचणीचे भारतीय रूप केले. वाचन-लेखनातली अडचण ओळखण्यासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली 'डाली' नावाची चाचणी आणली, ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीसोबत मराठीतही आहे.

तेव्हा साधने नाहीत असे नाही. पण प्रत्येक साधनाला मर्यादा आहे. धारवाडच्या त्या काळच्या मुलांवर बसवलेले माप आजच्या मुलाला तंतोतंत कसे बसेल? फ्लिन नावाच्या अभ्यासकाने १९८० नंतर दाखवून दिले, की पिढीगणिक चाचणीतले गुण वाढत जातात. म्हणजे माप जुने असेल तर आकडा फुगूनही येतो आणि ज्या लेकराला खरोखर मदत हवी ते मदतीविना राहते. चुकीचे माप दोन्हीकडून मारते.

आणि मराठी म्हणजे तरी कोणती मराठी? आपल्या जालना जिल्ह्यात पाहा. अंबड-घनसावंगीची बोली वेगळी, विदर्भाला लागून असलेल्या जाफराबादची वेगळी. मंठा-परतूरच्या तांड्यांवर गोरबोली. जालन्याच्या मोहल्ल्यांत दखनी उर्दू. वडार वस्तीत तेलुगू वळणाची, कैकाडी घरात तमिळ वळणाची बोली. स्टीलच्या कारखान्यांत राबणाऱ्या परप्रांतीय कामगारांच्या घरी भोजपुरी नाहीतर मैथिली. या सगळ्या लेकरांना एकाच पुस्तकी भाषेत प्रश्न विचारले, तर आपण बुद्धी मोजतो की भाषा?

संस्कृतीचेही तेच. सणावारावर, देवादिकांवर, पूजेच्या साहित्यावर प्रश्न आला तर आपल्या बौद्ध घरातले मूल काय सांगणार? ते बुद्ध पौर्णिमा सांगेल, चौदा एप्रिल सांगेल. उत्तरांच्या यादीत ते नसेल तर तपासणाऱ्याने समजून घ्यायला नको का?

जात विचारली की हात थांबतो

आता एक अभ्यास सांगतो, तो प्रत्येक आई-बापाने आणि शिक्षकाने लक्षात ठेवावा. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थतज्ज्ञ बायकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या सहाशेहून अधिक मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. निम्मी मुले सवर्ण, निम्मी दलित. सोडवलेल्या प्रत्येक चक्रव्यूहाला पैसे मिळणार होते. जिथे जात जाहीर केली नाही तिथे दोन्हीकडच्या मुलांनी सारखेच काम केले. जिथे सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात वाचून दाखवली, तिथे दलित मुलांचे काम एकदम खाली आले. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

मूल तेच, डोके तेच, कागदही तोच. चारचौघांत जात पुकारली आणि आत्मविश्वास गळाला. आमच्या त्या पोराला तपासणीआधी सगळ्यांसमोर समाज विचारला होता, हे आजींचे बोलणे मला तेव्हा आठवले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात काळ्या मुलांना अशाच चाचण्यांवरून मंदबुद्धींच्या वर्गात बसवत. त्यांच्या पालकांनी १९७१ साली दावा लावला. आठ वर्षे लढले. १९७९ साली न्यायालयाने निकाल दिला, की काळ्या मुलांना त्या वर्गात टाकण्यासाठी या चाचण्या वापरू नयेत. गरीब आई-बाप गप्प बसले नाहीत म्हणून हे झाले.

मोठ्या माणसांचे दुखणे

हा प्रश्न लहान मुलांपुरता नाही. आमच्या ओळखीच्या एका मावशींना डॉक्टरांकडे नेले होते. धनी वारल्यापासून त्यांचे जेवणखाण सुटले होते. तिथे त्यांना विचारले, "तुम्हाला नैराश्य वाटते का?" मावशी म्हणाल्या, "नाही." मग सोबतच्या सुनेने विचारले, "आत्याबाई, जीव कशातच लागत नाही ना?" त्यासरशी मावशींच्या डोळ्यांना धार लागली. आपली माणसे मनाचे दुखणे अंगाच्या भाषेत सांगतात. काळीज धडधडतं, डोकं जड पडतं, अंगाला मुंग्या येतात, जीव घाबरा होतो. पुस्तकी शब्द विचारला तर उत्तर 'नाही' येते, आणि 'नाही'वर फुली पडते.

म्हणूनच प्रश्नावली मराठीत आणताना ती नुसती शब्दाला शब्द लावून चालत नाही. एकाने मराठी करायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत करायचे आणि दोन्ही जुळवून पाहायचे, अशी पद्धत आहे. अमेरिकेतल्या मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिली. तुमच्या दुखण्याला तुम्ही काय म्हणता, ते कशामुळे झाले असे तुम्हाला आणि घरच्यांना वाटते, आजवर कुणाकडे गेलात, अशा प्रकारचे ते प्रश्न. म्हणजे आधी माणसाचे ऐका, मग त्याला मोजा.

आपला कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ३ नुसार एखाद्याची राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थिती पाहून, अथवा तो कोणत्या सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गटातला आहे हे पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. समाजातल्या प्रचलित रूढी आणि धर्मसमजुती तो पाळत नाही, म्हणूनही ठरवता येत नाही. कलम १८ ने जात, धर्म, संस्कृती, वर्ग यावरून उपचारात भेदभाव करायला मनाई केली आहे.

चाचणी नकोच, असे म्हणू नका

इथे एक धोक्याची सूचना. हे वाचून कुणी चाचणीच्या नावाने बोटे मोडू लागेल तर तेही चुकेल. आमच्याच वस्तीत एका मुलीला घरच्यांनी कैक वर्षे लपवून ठेवले होते. लोक काय म्हणतील, बहिणीचे लग्न अडेल, ही भीती. शेवटी तपासणी झाली, प्रमाणपत्र मिळाले, ती विशेष शाळेत जाऊ लागली. आज ती स्वतःची वेणी स्वतः घालते, दुकानातून साखर आणते. चाचणी नीट झाली तर ती दार उघडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर आरक्षणासारखे हक्क मिळतात. हे हक्क कागदाशिवाय हाती येत नाहीत. म्हणून तपासणी जरूर करावी, पण डोळे उघडे ठेवून करावी.

पालकांनी एवढे करावे

१. आधी मुलाचे कान आणि डोळे तपासून घ्या. ऐकू कमी येणारे मूल पुष्कळदा मंद ठरते. शाळेत व अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना दाखवा.

२. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे विचारा. विचारण्यात अपमान काहीच नाही.

३. मूल घरी कोणती बोली बोलते, किती महिने शाळेत जाते, किती महिने ऊसतोडीवर किंवा वीटभट्टीवर असते, हे आपण होऊन सांगा आणि अहवालात लिहून घ्यायला सांगा.

४. मूल घरी काय काय करते ते सांगा. शेरडे राखते, धाकट्याला सांभाळते, किराणा आणून सुटे पैसे मोजून घेते. बौद्धिक दिव्यांगत्व ठरवताना एकटा बुद्ध्यांक पुरत नाही, रोजच्या व्यवहारातले वागणेही पाहावे लागते.

५. उपाशीपोटी, तापात किंवा रात्रभर एस.टी.चा प्रवास करून आलेल्या मुलाची चाचणी करू नका. दुसरा दिवस मागा.

६. चाचणीचे नाव, भाषा आणि तारीख अहवालावर आहे का पाहा. त्याची प्रत जपून ठेवा.

७. निर्णय पटला नाही तर फेरतपासणी मागा. दिव्यांग प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ ने दिला आहे.

८. मनाच्या त्रासाबद्दल बोलायचे असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीतही बोलता येते.

त्या पोराचे काय झाले?

आजींना आम्ही दुसऱ्या ठिकाणी पाठवले. तिथल्या बाईंनी आधी कान तपासायला लावले. एक कान दोन वर्षांपासून वाहत होता, त्याने ऐकू कमी येत होते. औषधोपचार झाला. मग दोन वेगवेगळ्या दिवशी, थोडा थोडा वेळ, बाईंनी चाचणी घेतली. सुरुवात ठोकळ्यांनी केली. अडले तिथे त्याच्याच बोलीत समजावले. आजींजवळ बसून घरच्या कामांची विचारपूस केली. अहवालात लिहिले, बौद्धिक दिव्यांगत्व नाही, शाळा बुडाल्यामुळे आणि ऐकण्याच्या अडचणीमुळे अभ्यास मागे पडला आहे.

पगार लागला नाही म्हणून आजी थोड्या हिरमुसल्या, हेही खरे सांगतो. गरिबाच्या घरी महिन्याला येणारे चार पैसे काय असतात, हे ज्याच्या घरी चूल विझते त्यालाच कळते. पण निघताना नातवाच्या डोक्यावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, "येडं नाही ना मह्यं लेकरू? मंग झालं."

या हंगामात आई-बाप कारखान्यावर गेले तेव्हा पोरगा आजीपाशीच राहिला. सर त्याला पहिल्या बाकावर बसवतात, चांगला कान फळ्याकडे करून. मागच्या रविवारी आला होता. मी एक अर्ज भरताना बेरीज चुकलो. त्याने बोट ठेवून दाखवली.